पाद्री नेमका कुणाचा?

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हन परगण्यात, एक्समूरच्या माळाला लागून मोरबाथ नावाचं एक गाव आहे. सोळाव्या शतकात तिथे जेमतेम ३३ उंबरे होते. मेंढ्या राखायच्या, लोकर विकायची, थोडं धान्य पिकवायचं, एवढाच त्या गावाचा पसारा. १५२० साली तिथे ख्रिस्तोफर ट्रिकी नावाचा धर्मगुरू आला आणि १५७४ साली मरेपर्यंत तिथेच राहिला. ५४ वर्षं, एकच गाव. चर्चच्या मेंढ्यांची लोकर कितीला गेली, मेणबत्त्यांना किती मेण लागलं, डागडुजीला काय खर्च आला, हे सगळं तो स्वतःच्या हाताने लिहून ठेवायचा आणि वर्षाचा हिशेब गावासमोर मोठ्याने वाचून दाखवायचा. ते हिशेब आजही टिकून आहेत.

युरोपच्या इतिहासात राजे, पोप, मार्टिन ल्यूथर ही नावं आपल्याला शाळेपासून भेटतात. मला मात्र १५०० ते १८०० हा काळ खऱ्या अर्थाने उमगला तो ट्रिकीसारख्या खेड्यातल्या पाद्र्यांमुळे. वर राजधानीत काहीही उलथापालथ झाली, तरी ती गावापर्यंत पोहोचायची ती याच माणसाच्या तोंडून आणि याच माणसाच्या हाताने. राजा म्हणायचा हा माझा माणूस, बिशप म्हणायचा माझा, आणि गाव म्हणायचं आमचा.

आधी हा माणूस करायचा काय, ते पाहू. आपल्या जुन्या गावगाड्यात कुलकर्ण्याचं दप्तर वेगळं, जोशाचं पंचांग वेगळं आणि दवंडी पिटणारा वेगळा. पश्चिम युरोपातल्या खेड्यात या तिन्ही कामांचा बराचसा भाग एकट्या पाद्र्याच्या गळ्यात होता. त्याच्या हद्दीला पॅरिश म्हणत. वसईकडच्या ख्रिस्ती वाचकांना यासाठी 'धर्मग्राम' हा शब्द ओळखीचा असेल. एक चर्च, त्याच्या भोवतीची ठरलेली वस्ती आणि तिचा एक प्रमुख धर्मगुरू. इंग्लंडमध्ये अशी ९,००० हून जास्त धर्मग्रामं होती, फ्रान्समध्ये सुमारे ४०,०००. कुठल्या धर्मग्रामात राहायचं हे माणूस आवडीनिवडीने ठरवू शकत नव्हता. जिथे घर, तिथलं चर्च.

धर्मकार्य तर होतंच. बाळाचा बाप्तिस्मा, लग्न, आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थना, मयताला माती. कॅथलिक गावांत वर्षातून निदान एकदा प्रत्येक मोठ्या माणसाने पाद्र्याकडे पापनिवेदन करायचं, असा नियम १२१५ पासून होता. म्हणजे कुणाच्या घरात काय शिजतंय, कुणाचं कुणाशी बिनसलंय, कुणाच्या मनाला काय खातंय, हे त्याला ठाऊक असायचं, आणि ते बाहेर फोडायची त्याला सक्त मनाई होती.

यातला बाप्तिस्म्याचा भाग मला फार बोलका वाटतो. बाप्तिस्मा न होता बाळ गेलं तर त्याला स्वर्ग मिळत नाही, अशी कॅथलिक गावांची श्रद्धा होती. जन्मतः दगावणारी बाळं तर घरोघरी असायची. पाद्री येईपर्यंत बाळ तग धरेल याची खात्री नाही, आणि बाळंतिणीच्या खोलीत त्या क्षणी हजर असणार कोण, तर सुईण. म्हणून अडल्या वेळी बाळावर पाणी घालून बाप्तिस्मा द्यायचा अधिकार सुईणीला होता. तिला मंत्राचे नेमके शब्द येतात की नाही, हे पाहायची जबाबदारी पाद्र्याची. फ्रान्समधल्या कितीतरी गावांत बायका जमून आपली सुईण निवडायच्या आणि ती पाद्र्यासमोर शपथ घ्यायची. लिहिता-वाचता न येणारी एखादी बाई आणि लॅटिन शिकलेला पाद्री, दोघं मिळून एक संस्कार सांभाळत होते.

याच बाप्तिस्म्याच्या मागोमाग आली वही. त्याआधी सामान्य माणसाच्या जन्माची नोंद ठेवायची रीतच सर्वत्र नव्हती. वय सिद्ध करायचं तर शेजारीपाजारी साक्ष द्यायचे, 'माझ्या थोरल्याच्या लग्नाच्या साली हा जन्मला' अशी. इंग्लंडमध्ये १५३८ साली राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला: प्रत्येक पाद्र्याने आठवड्याभरातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं रविवारी वहीत लिहायची आणि वही पेटीत ठेवायची. पेटीला दोन कुलुपं, एक किल्ली पाद्र्याकडे आणि एक गावच्या चर्चकारभाऱ्यांकडे. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या राजाने व्हिये-कोत्रे इथे काढलेल्या फर्मानात बाप्तिस्म्यांची नोंद सक्तीची केली. लग्नं आणि दफनं तिथे १५७९ च्या फर्मानाने आली.

गावकऱ्यांना ही वही आवडली नाही. डेव्हन आणि कॉर्नवॉलमध्ये अफवा उठली की आता जन्मावर, लग्नावर, मरणावर कर बसणार. कर काही बसला नाही, पण लोकांची शंका खुळी नव्हती. राज्य आपल्याला मोजू लागलंय, एवढं त्यांना बरोबर कळलं होतं. आणि मोजणारा हात ओळखीचा होता. काल ज्याने बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं, तोच आज त्या बाळाचं नाव राजाच्या हुकमावरून लिहीत होता.

लग्नाचंही तसंच झालं. जुन्या चर्चकायद्यात दोघांनी एकमेकांना शब्द दिला की लग्न लागलं, साक्षीदार असोत वा नसोत. त्यातून कोर्टकज्जे व्हायचे: तो म्हणे मी असं बोललोच नाही, ती म्हणे बोललास. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या महासभेने १५६३ मध्ये ठरवलं की आधी तीन वेळा चर्चमध्ये जाहीर करायचं आणि मग पाद्री व निदान दोन साक्षीदारांसमोर लागलेलं लग्नच खरं. फ्रान्सच्या राजाने तर त्याआधीच आणखी एक अट घातली होती. १५५६ च्या फर्मानानुसार तिशीच्या आतल्या मुलाने आणि पंचविशीच्या आतल्या मुलीने आईबापांच्या संमतीवाचून लग्न केलं, तर आईबाप त्यांना वारसाहक्कातून बाद करू शकत. अशा दोन कायद्यांच्या मध्ये उभं राहून 'आईबापांना विचारलंत का?' हे विचारणारा माणूस गावात एकच होता.

रविवारचं प्रवचन म्हणजे त्या काळची बातम्यांची वेळ. फ्रान्समध्ये प्रवचनाच्या वेळी पाद्री सणवार सांगायचा, लग्नं जाहीर करायचा, राजाच्या विजयासाठी प्रार्थना घ्यायचा आणि फर्मानंही वाचायचा. १५५६ सालचंच आणखी एक फर्मान होतं: गरोदरपण लपवलं, बाळंतपण लपवलं आणि मूल बाप्तिस्म्याविना गेलं, तर त्या बाईवर मूल मारल्याचा आरोप धरून देहदंड. हे फर्मान चर्चमधून ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा वाचलं जायचं. ऐकणाऱ्यांत एखादी घाबरलेली मोलकरीण बसलेली असेल, आणि कदाचित तिने मनातलं फक्त त्या वाचणाऱ्यालाच सांगितलं असेल. आधार आणि धाक एकाच तोंडातून यायचे. गुन्ह्याचा छडा लागत नसेल तर कोर्ट चर्चकडून जाहीर ताकीद वाचवून घ्यायचं की ज्याला काही माहीत असेल त्याने पुढे यावं, नाहीतर त्याला धर्मबहिष्कृत केलं जाईल.

आता पोटापाण्याचं. पाद्र्याचं उत्पन्न प्रामुख्याने दशमांशातून यायचं. पिकाचा, कोकरांचा, लोकरीचा दहावा हिस्सा, निदान नावाला तरी. फ्रान्समध्ये बऱ्याच ठिकाणी तो प्रत्यक्षात दहाव्यापेक्षा कमीच असायचा. आपल्याला इथे बलुतं आठवेल, आणि काही अंशी ते बरोबर आहे: गावाने धान्य द्यायचं आणि त्याने गावाचं काम करायचं. पण बलुतं गावातल्या गावात राहायचं. दशमांश मात्र गावाबाहेर जाऊ शकायचा. शेकडो वर्षांपूर्वी कुणी जमीनदाराने एखाद्या मठाला पुण्य म्हणून चर्चचे हक्क देऊन टाकलेले असायचे. मग धान्याचा मोठा दशमांश मठाच्या कोठारात, आणि पाद्र्याच्या वाट्याला परसातला भाजीपाला, कोंबड्या, कोकरं असला किरकोळ भाग. इंग्रजीतला 'व्हिकर' हा शब्द इथूनच आला, मूळ लॅटिन अर्थ 'बदली माणूस'. खरा हक्कदार दुसराच, काम करणारा हा. आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० मध्ये मठ बंद केले, तेव्हा त्यांचे दशमांशाचे हक्क गावच्या पाद्र्यांना परत मिळाले असते तर काय बिघडलं असतं, असं मला नेहमी वाटतं. तसं झालं नाही. कितीतरी ठिकाणी ते जमीनदारांनी विकत घेतले.

आणि ज्याच्या बापाची माती केली त्याच्याच शेतातली दहावी पेंढी मागायला जायचं म्हणजे काय, याची कल्पना करा. नव्या पिकाला दशमांश लागू की नाही, यावरून वर्षानुवर्षं खटले चालत. पाद्री आणि गाव यांच्यात कडवटपणा आला तर तो देवावरून क्वचित, पेंढीवरून जास्त.

आता परत मोरबाथला जाऊ, कारण हे सगळं ताणून तुटायची वेळ तिथे आली.

ट्रिकी आला तेव्हा मोरबाथच्या चर्चमध्ये संतांच्या मूर्तींपुढे दिवे तेवायचे. प्रत्येक दिव्याची आपली मिळकत, तीही मेंढ्यांच्या रूपात. मेरीमातेच्या मेंढ्या वेगळ्या, संत अँथनीच्या वेगळ्या, आणि त्या गावकऱ्यांच्याच कळपांत चरायच्या. तरुण पोरांचा एक गट, पोरींचा एक गट, वर्गणी काढून मेणबत्त्या लावणारे. ट्रिकीने स्वतः संत सिडवेलची मूर्ती आणली आणि तिची भक्ती गावात रुजवली. त्याची एक फार दिवसांची इच्छा होती: मयताच्या मिस्सेसाठी, म्हणजे कॅथलिक पूजाविधीसाठी, चांगली काळी वस्त्रं. त्यासाठी तो स्वतःच्या वाट्याचे छोटे छोटे पैसे बाजूला टाकत राहिला. वीसेक वर्षांनी, १५४७ च्या सुमारास ती वस्त्रं आली.

त्याच साली हेन्री वारला. गादीवर आला नऊ वर्षांचा सहावा एडवर्ड, आणि कारभार गेला पोपची सत्ता झुगारणाऱ्या कडव्या प्रोटेस्टंट मंडळींच्या हाती. मूर्ती काढा, दिवे विझवा, मृतांसाठीची मिस्सा बंद. वीस वर्षांच्या बचतीची वस्त्रं ज्या विधीसाठी होती, तो विधीच दोन वर्षांत उरला नाही. मेंढ्या विकल्या गेल्या. ट्रिकीने विक्रीचे आकडे वहीत लिहिले, कारण हिशेब लिहिणं हे त्याचंच काम होतं.

जून १५४९ मध्ये लॅटिन बंद होऊन इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचं झालं. डेव्हनमधल्याच सॅम्पफर्ड कोर्टने या गावात पाद्र्याने हुकमाप्रमाणे नवं पुस्तक वाचलं, तर दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांनी त्याला जुनी वस्त्रं चढवायला लावून जुनी मिस्सा करवून घेतली. तिथून बंड पेटलं आणि एक्सेटर शहराला वेढा पडला. मोरबाथने पाच तरुणांना हत्यारं आणि वाटखर्च देऊन बंडवाल्यांच्या तळावर पाठवलं, आणि हा खर्चसुद्धा ट्रिकीच्या हिशेबात नोंदलेला आहे. तो ओळींमध्ये आला नसता तर हे आपल्याला कधी कळलंही नसतं. बंड चिरडलं गेलं, हजारो माणसं मेली. एक्सेटरजवळच्या सेंट थॉमस चर्चच्या पाद्र्याला तर त्याच्याच चर्चच्या मनोऱ्यावर, अंगात पूजेची वस्त्रं असताना, फासावर लटकवलं.

ट्रिकी वाचला. १५५३ मध्ये कॅथलिक मेरी राणी झाली, तेव्हा गावकऱ्यांनी घरांत लपवून ठेवलेल्या चर्चच्या वस्तू एकेक करून परत आणल्या आणि त्याने त्या आनंदाने नोंदवल्या. मेरी १५५८ मध्ये वारली, एलिझाबेथ आली, पुन्हा सगळं फिरलं. तेही त्याने स्वीकारलं. काही लोक अशा पाद्र्यांना वाऱ्याप्रमाणे पाठ फिरवणारे म्हणतात. मला ते पटत नाही. तो निघून गेला असता तर ३३ घरांच्या त्या गावाला बाप्तिस्मा द्यायला आणि मयत उचलायला कुणीतरी परका आला असता. त्याने धर्ममतापेक्षा गाव निवडलं, आणि त्याची किंमत मनातल्या मनात मोजली.

दुसऱ्या बाजूला, पाद्री शिकलेला हवा, ही मागणी कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांकडूनही वाढत होती. १५५१ मध्ये ग्लॉस्टरचा बिशप हूपर याने आपल्या ३११ पाद्र्यांची परीक्षा घेतली, तर निम्म्याहून जास्त जणांना बायबलमधल्या दहा आज्ञा धड म्हणता आल्या नाहीत. पुढच्या शंभर वर्षांत चित्र पालटलं. इंग्लंडमध्ये नवे पाद्री बहुतेक ऑक्सफर्ड-केंब्रिजचे पदवीधर होऊ लागले, आणि १५४९ पासून त्यांना लग्नाची परवानगी मिळाल्याने पाद्र्याच्या घरात बायकोमुलंही दिसू लागली. कॅथलिक देशांत ट्रेंटच्या ठरावाप्रमाणे पाद्री घडवणारी गुरुकुलं निघाली. फ्रान्सला मात्र ती गावोगावच्या पाद्र्यांपर्यंत पोहोचायला सतरावं शतक संपत आलं.

शिक्षणाने पाद्री सुधारला, आणि गावापासून थोडा दूरही गेला. जुना पाद्री गावातल्यासारखाच कपडा घालायचा, गुत्त्यात बसायचा, जत्रेत नाचायचाही. नव्या पाद्र्याच्या अंगात लांब काळा झगा, घरात पुस्तकं, आणि गुत्ता बंद. रात्रीच्या शेकोट्या, जत्रेतला नाच, विहिरीवरचे नवस, हे त्याला अंधश्रद्धा वाटू लागलं.

शिकवायचं तर कुठल्या भाषेत, हा प्रश्नही इथेच उभा राहिला, आणि त्याचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. ज्या १५४९ साली डेव्हनमध्ये भाषेवरून बंड झालं, त्याच साली इंग्लंडच्या विल्टशरमध्ये थॉमस स्टीफन्सचा जन्म झाला. कॅथलिक राहिल्यामुळे त्याला मायदेशात जागा नव्हती. तो जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात गेला, १५७९ मध्ये गोव्यात आला आणि तिथल्या साष्टीच्या गावांत आयुष्यभर पाद्री म्हणून राहिला. त्याने मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. ज्या साष्टीत तो लिहीत होता तिथे १५६७ मध्ये देवळं पाडली गेली होती आणि १५८३ मध्ये कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले होते. गावाच्या भाषेवर जीव जडलेला पाद्री आणि पाठीशी उभी असलेली पोर्तुगीज सत्ता, हे दोन्ही एकाच वेळी खरं होतं. ओव्या वाचताना मला हा ताण जाणवल्यावाचून राहत नाही.

फ्रान्समध्ये तो ताण वेगळ्या रीतीने फुटला. तिथल्या पाद्र्याला 'क्युरे' म्हणतात. ज्यांचा दशमांश दुसरीकडे जायचा अशा क्युरेंना ठरावीक निर्वाहवेतन मिळायचं: १६८६ मध्ये वर्षाला ३०० लिव्ह्र (तिथलं तेव्हाचं चलन), १७६८ मध्ये ५००, १७८६ मध्ये ७००. त्याच वेळी काही बिशपांचं उत्पन्न लाखाच्या वर होतं, आणि बिशप जवळजवळ सगळेच सरदार घराण्यांतले. क्युरे गावातल्या बऱ्यापैकी शेतकऱ्याचा किंवा व्यापाऱ्याचा मुलगा. उपाशी कुळ आणि गोळा होणारा दशमांश, दोन्ही त्याच्या डोळ्यांसमोर असायचं. आर्देनमधल्या एत्रेपिन्यी गावचा क्युरे जाँ मेलिये १६८९ ते १७२९ अशी ४० वर्षं तिथे राहिला. गावच्या जमीनदाराने कुळांना छळलं म्हणून त्याने चर्चमध्ये त्याच्यासाठी नेहमीची प्रार्थना करायला नकार दिला, आणि त्यावरून रॅन्सच्या आर्चबिशपचा रोष ओढवून घेतला. मेल्यावर त्याच्या घरात जाडजूड हस्तलिखितं सापडली. त्यांत त्याने देव नाकारला होता आणि गरिबांच्या लुटीचा पाढा वाचला होता. हा टोकाचा माणूस, सगळे क्युरे असे नव्हते. पण जमीनदाराविरुद्धचा त्याचा राग अनेकांच्या पोटात होता.

जानेवारी १७८९ मध्ये राजाने धर्मगुरू, सरदार आणि सामान्य लोक या तीन वर्गांच्या महासभेसाठी निवडणुकीचे नियम काढले आणि प्रत्येक क्युरेला स्वतःचं मत दिलं. मठांना आणि मोठ्या चर्चच्या मंडळींना मात्र फक्त प्रतिनिधी. परिणाम असा की धर्मगुरूंच्या सुमारे ३०० प्रतिनिधींत २०० हून जास्त गावचे क्युरे निवडून आले. १३ जूनला प्वातू प्रांताचे तीन क्युरे आपला वर्ग सोडून सामान्य लोकांच्या सभेत जाऊन बसले. मग रोज काही जण जाऊ लागले. १७ जूनला त्या सभेने स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणवून घेतलं, आणि दोन दिवसांनी धर्मगुरूंच्या वर्गाने थोड्याच मतांच्या फरकाने तिच्यात सामील व्हायचं ठरवलं. फ्रेंच राज्यक्रांतीचं पहिलं दार आतून उघडणाऱ्यांत हे खेड्यातले पाद्री होते.

क्रांतीने ऑगस्टमध्ये दशमांश रद्द केला, नोव्हेंबरात चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात घेतली आणि क्युरेला वर्षाला किमान १,२०० लिव्ह्र पगार देऊ केला. गरीब क्युरेसाठी हे स्वप्नच होतं. मग १७९० मध्ये नवा कायदा आला, पाद्री लोकांनी निवडायचा आणि त्याने राष्ट्राशी व राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घ्यायची. जानेवारी १७९१ पासून गावोगाव हा प्रसंग घडला. रविवारी, मिस्सा आटोपल्यावर, गावचे अधिकारी आणि सगळं गाव समोर, आणि पाद्र्याने हो म्हणायचं किंवा नाही. साधारण निम्म्या क्युरेंनी शपथ घेतली, निम्म्यांनी नाकारली. काही गावांनी शपथ घेणाऱ्याला डोक्यावर घेतलं, काहींनी त्याला चर्चमध्ये पाय ठेवू दिला नाही. तीनशे वर्षं राजा, बिशप आणि गाव या तिघांचाही असलेला माणूस त्या दिवशी एकाचाच होऊ शकत होता.

२० सप्टेंबर १७९२ च्या कायद्याने जन्म, लग्न, मृत्यूची नोंद चर्चकडून काढून नगरपालिकांकडे दिली. त्या हिवाळ्यात गावचे अधिकारी पाद्र्याच्या घरी गेले, चालू वही उघडली, शेवटच्या नोंदीखाली 'बंद' असं लिहून सही केली आणि वही घेऊन गेले. पण शुद्ध लिहिणारे हात फार थोडे होते. त्यामुळे काही गावांत नव्या सरकारी वहीतल्या पहिल्या नोंदी पाहिल्या तर अक्षर तेच जुनं दिसतं. गावाने नोंदीच्या कामावर पुन्हा आपल्या क्युरेलाच नेमलं होतं.